एसजीपीटी ४९

ब्लडप्रेशर आणि साखर यांना आमच्या कट्ट्यावर आता काही किंमत उरलेली नाही. ती सगळ्यांनाच असते. कोणी म्हणालं, 'माझी साखर एकशेऐंशी आलीय', तर बाकीचे 'असं का?' म्हणून पुन्हा क्रिकेटकडे वळतात. पण एखाद्याने 'एसजीपीटी वाढलंय' असं सांगितलं की कट्टा गप्प होतो. सगळे त्याच्याकडे नव्याने बघू लागतात. तोंडाने म्हणतात, 'काळजी घ्या हो', आणि मनात म्हणतात, 'अच्छा, म्हणजे हेसुद्धा घेतात तर!'

बाकीच्या अवयवांच्या वाट्याला ही बदनामी येत नाही. हृदयाला काही झालं तर माणूस कामाचा ताण घेणारा ठरतो. गुडघे गेले तर वय झालं. मुतखडा झाला तर बोअरचं पाणी. लिव्हर बिघडलं की मात्र गोष्ट थेट चारित्र्यावर येते.

आमचे मॅनेजरसाहेब एका बँकेतून रिटायर झाले. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. गेल्या वाढदिवसाला त्यांच्या मुलीने त्यांना 'फुल बॉडी पॅकेज' भेट दिलं. पूर्वी मुली बापाला स्वेटर द्यायच्या. सकाळी साडेसहाला लॅबचा मुलगा दारात. पाठीवर निळी पिशवी, हातात मोबाइल. 'मूठ आवळा काका... सोडा.' जांभळ्या टोपणाची एक नळी, राखाडी टोपणाची एक, पिवळ्या टोपणाची एक. जांभळी रक्तपेशी मोजायला, राखाडी साखरेला, आणि पिवळ्या टोपणाखाली लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल अशी सगळी दाटीवाटीने.

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. अठरा पानं. त्यातली बरीचशी पानं लॅबचं कौतुक आणि हसणाऱ्या कुटुंबाचे फोटो यांनी भरलेली. सत्तरेक आकडे निमूटपणे साध्या शाईत बसलेले आणि एकच ठळक, शेजारी वर जाणारा बाण : एसजीपीटी ४९. कंसात मर्यादा : ४० पर्यंत. साहेबांनी काकूंना दाखवलं. काकूंनी चष्मा लावून बाण बघितला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'तरीच त्या ऑडिटच्या पार्ट्या रात्री अकरापर्यंत चालायच्या!'

ऑडिट १९९१ सालचं होतं.

आता या आकड्याची बाजू कोणीतरी मांडायला हवी. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींमध्ये राहणारं एक एन्झाइम आहे. नव्या रिपोर्टात त्यालाच एएलटी म्हणतात, त्यामुळे काहींना आपले दोन वेगवेगळे आजार आहेत असं वाटतं. प्रथिनांच्या घटकांमधली नायट्रोजनची देवाणघेवाण करायची, एवढंच त्याचं काम. ते पेशीच्या आतच असायला हवं. थोडंफार रक्तात नेहमीच सापडतं. पेशींना इजा झाली की जास्त बाहेर येतं. म्हणजे हे वरच्या फ्लॅटच्या गळतीसारखं आहे. आपल्या छताला ओल आली तर वर कुठेतरी पाणी गळतंय एवढं नक्की कळतं; पण नळ फुटलाय, फरशीखालचा पाइप गेलाय की वरच्यांनी बाल्कनी धुतलीय, हे ओल बघून सांगता येत नाही. आणि त्यावरून वरचे लोक दारू पितात, असा निष्कर्ष तर कुठलीच सोसायटी काढत नाही.

उलट बाजूही तेवढीच खरी. या तपासणीला लिव्हर फंक्शन टेस्ट म्हणत असले तरी लिव्हर काम किती करतंय हे एसजीपीटी सांगत नाही. ते थोडंफार सांगतं अल्ब्युमिन, जे लिव्हरच बनवतं. बिलिरुबिन, जे लिव्हरने बाहेर टाकायचं असतं. आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ती वेगळी तपासणी, जी बहुतेक पॅकेजात नसते. सिरॉसिस होऊन लिव्हर आक्रसलेलं असतानाही एसजीपीटी तीस येऊ शकतं. पेशीच कमी उरल्या तर गळणार काय? पण तीस हा आकडा साध्या शाईत छापला जातो, आणि साध्या शाईतलं वाचायची आपल्याला सवय नाही.

याचं भावंड एसजीओटी. त्याचा जन्म तर लिव्हरच्या घरी झालाच नाही. १९५४ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांना हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं सापडलं आणि हार्ट अटॅक ओळखायची तपासणी म्हणून ते गाजलं. पुढे लक्षात आलं की ते लिव्हरच्या आजारातही वाढतं. मग १९५६ साली त्याच मंडळींनी एसजीपीटी पुढे आणलं, जे मुख्यत्वे लिव्हरचंच. एसजीओटी मात्र हृदयात, स्नायूंत, लाल रक्तपेशींत, सगळीकडे. लॅबच्या मुलाला शीर सापडली नाही, त्याने सुई दोनदा आतबाहेर केली आणि नळीत रक्तपेशी फुटल्या, तरी एसजीओटी वर जातं. दोष सुईचा, पथ्य तुम्हाला.

स्नायूंवरून आठवलं. माझा भाचा एक जानेवारीला जिमला लागला. सगळेच लागतात. हा टिकला, हे नवल. दोन आठवड्यांनी नव्या नोकरीची मेडिकल झाली आणि एसजीओटी नव्वदच्या पुढे. ताईने रडून घर डोक्यावर घेतलं. त्याच्या रूममेटची चौकशी झाली, कपाटं उचकली गेली. सापडलं काय, तर प्रोटीन पावडरचा डबा. डॉक्टरांनी दंडाला हात लावून विचारलं, 'वजनं कधी उचललीस?' 'काल. डेडलिफ्ट.' भरपूर व्यायामाने स्नायूंतून ही एन्झाइम्स रक्तात येतात आणि आठवडाभरसुद्धा चढलेली राहू शकतात. आठ दिवस जिम बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं, आकडा जागेवर आला. ताईला मात्र अजून वाटतं की त्याने आठ दिवस दारू सोडली.

मॅनेजरसाहेबांकडे परत येऊ. कट्ट्यावर एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीवर उपाय माहीत असतो. ते म्हणाले, 'साहेब, चौकातल्या लॅबचं काही खरं नाही. पुलापलीकडच्या लॅबला द्या.' साहेबांनी दिलं. तिथे एसजीपीटी ५१ आलं. पण त्या लॅबच्या कागदावर मर्यादा ५५ पर्यंत! आकडा साध्या शाईत, बाण गायब. म्हणजे आकडा दोनाने वाढला आणि माणूस बरा झाला. त्या दिवशी काकूंनी श्रीखंड केलं.

यात लॅबची लबाडी नसते. मशीन वेगळं, रसायन वेगळं, म्हणून मर्यादा वेगळ्या. आणि मर्यादा ठरवतात कशी? तर धडधाकट समजल्या जाणाऱ्या पुष्कळ लोकांचं रक्त घ्यायचं, आकडे ओळीने लावायचे, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के सोडायचे आणि मधल्या पंचाण्णव टक्क्यांना नॉर्मल म्हणायचं. म्हणजे शंभर ठणठणीत माणसांतले पाच जण हिशेबानेच आजारी. आणि हा हिशेब दर टेस्टला. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या तर ठणठणीत माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर पडायची शक्यता चौसष्ट टक्के. सत्तर टेस्टच्या पॅकेजात एकही बाण नसलेला रिपोर्ट हातात आला, तर माझा पहिला संशय लॅबवर जाईल.

खरी गंमत पुढे आहे. इटलीतल्या संशोधकांना शंका आली की आपण ज्यांना 'धडधाकट' धरून मर्यादा ठरवली, त्यांच्यातच लठ्ठ आणि फॅटी लिव्हरवाले भरपूर होते. त्यांनी रक्तदात्यांतून ती मंडळी वगळून २००२ साली नवी मर्यादा काढली : पुरुषांना ३०, बायकांना १९. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ साली पुरुषांना ३३ आणि बायकांना २५ च्या वर एसजीपीटी गेलं तर लक्ष द्या, असं सांगितलं. साहेब आणि काकू शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हे समजावलं तेव्हा साहेब म्हणाले, 'म्हणजे पुलाच्या दोन्ही बाजूंना मी आजारीच?' डॉक्टर म्हणाले, 'हो. आणि काकूंचे किती आलेत?' काकूंचे ३१ होते. साध्या शाईत. काकूंनी पर्स बंद केली.

डॉक्टरांनी मग औषधाच्या आधी टेप काढली आणि साहेबांची कंबर मोजली. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी असं मानतात. पँटचा नंबर सांगून उपयोग नसतो. आपण पँट पोटाखाली घालतो आणि टेप पोटावर लागते. साहेब १०२ भरले. सोनोग्राफी झाली आणि तिच्यावर ते सुप्रसिद्ध वाक्य उमटलं : ग्रेड वन फॅटी लिव्हर. हे वाक्य आता सोनोग्राफीच्या कागदावर लेटरहेडबरोबरच छापून येतं की काय, असं मला वाटतं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, ही आपली प्रकृती. जास्तीची चरबी पोटात साठते आणि तिथूनच लिव्हरात. दारूचा थेंब लागत नाही. साखर, मैदा, सोफा आणि अनुवंश पुरतात.

साहेबांना 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' ही शब्दयोजना फार आवडली. काकूंना दाखवायला लेखी निर्दोषत्व मिळालं होतं! त्यांनी डॉक्टरांना तसंच लिहून द्यायला सांगितलं. पण नशीब असं की जगभरच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये या आजाराचं नाव बदललं. आता ते चयापचयातल्या बिघाडावरून आहे आणि 'नॉन-अल्कोहोलिक' काढून टाकलंय. डॉक्टर अद्ययावत होते. त्यांनी नवं नाव लिहिलं.

दारूचा अंदाज रिपोर्टातून येतच नाही असं नाही. नेपल्सचे फर्नांदो दे रितिस यांनी १९५७ साली एसजीओटीला एसजीपीटीने भागून बघायला सांगितलं. पिणाऱ्याच्या लिव्हरात एसजीओटी बहुधा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतं. नुसत्या फॅटी लिव्हरात सहसा उलट, एसजीपीटी वरचढ. तेव्हा ज्या आकड्यावरून कट्टा माणसाला बेवडा ठरवतो, तो एकटा चढलेला असला तर उलट त्याच्या बाजूने साक्ष देतो. साहेबांचं एसजीओटी अवघं ३८ होतं. मी हे कट्ट्यावर सांगितलं. मास्तर म्हणाले, 'मग बिअर घेत असतील.'

बिलिरुबिनचे रिपोर्टात डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असे दोन भाग दिसतात. ही विभागणी फान डेन बर्ग या डच डॉक्टरांनी १९१६ साली केली. एक बिलिरुबिन रसायन घातल्याबरोबर रंग दाखवायचं, ते डायरेक्ट. दुसरं नळीत अल्कोहोल ओतल्याशिवाय खुलायचंच नाही, ते इनडायरेक्ट. अशी माणसं आपल्याही पाहण्यात आहेत. काहींचं हे इनडायरेक्ट बिलिरुबिन जन्मभर किंचित जास्त असतं. गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात, शंभरात पाचेक जणांना असतो आणि त्याने काहीही बिघडत नाही. फक्त उपास केला की ते वाढतं. आदल्या दिवशी एकादशी आणि वर टेस्टसाठी बारा तास उपाशी, म्हणजे डोळे पिवळे दिसायची सोय झालीच. लिव्हर फंक्शन टेस्टला खरं तर उपाशी राहायची गरज नसते. ती गरज पॅकेजातल्या साखरेची.

आणि एकदा डोळे पिवळे दिसले की विज्ञान उंबऱ्याबाहेर थांबतं. घरातली हळद बंद होते, पिवळं खाल्लं तर पिवळेपणा वाढेल म्हणून. उसाचा रस सुरू होतो, रस्त्यावरच्या गाड्यावरून, बर्फ घालून. दूषित पाण्यातून कावीळ झालेल्याला पुन्हा तेच पाणी! मग कोणीतरी गळ्यात माळ घालतो, ती दिवसागणिक लांबत जाते आणि कावीळ 'उतरते'. कोणी चुन्याच्या निवळीने हात धुऊन देतो आणि पाणी पिवळं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले त्याचं प्रात्यक्षिक दाखवतात : आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला लागला की चुन्याचं पाणी कोणाच्याही हाताने पिवळं होतं, कावीळ असो वा नसो. तरी माळवाल्याचं दुकान चालतं, कारण हेपटायटिस ए आणि ई बहुतेकांचे आपोआप बरे होतात. एसजीपीटी हजाराच्या पुढे जातं आणि काही आठवड्यांत खाली येतं. श्रेय माळेला. गाठ ठाण मांडून बसलेल्या हेपटायटिस बी किंवा सीशी पडली, तर माळ गुडघ्यापर्यंत लांबली तरी व्हायरस तिथेच असतो.

काढ्यांबद्दल बोललं की लोक रागावतात, पण बोलायला हवं. कोविडच्या काळात घरोघर गुळवेल उकळत होती. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. माझं म्हणणं एवढंच की जे झाडाला येतं ते लिव्हरला बाधत नाही, हा समज धोत्र्याच्या देशात तरी टिकायला नको होता.

आता साहेबांचा शेवटचा पराक्रम. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, लिव्हरवर व्रण किती पडलेत याचा साधा अंदाज काढायला एक गणित आहे, फिब-फोर. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. २००६ साली आलं. वर्गमूळ हा शब्द ऐकताच साहेबांच्या चेहऱ्यावर रिटायरमेंटनंतर प्रथमच तेज आलं. त्यांनी रिपोर्टाच्या पाठीवर मांडलं : वय ६७, एसजीओटी ३८, गुणाकार २५४६. प्लेटलेट्स दोन लाख चाळीस हजार, म्हणजे गणितात २४०. एकोणपन्नासचं वर्गमूळ सात. 'बघा, पूर्ण वर्ग!' असं म्हणून त्यांनी त्या बदनाम आकड्याकडे पहिल्यांदाच प्रेमाने पाहिलं. २४० साती १६८०. उत्तर दीड. घरी येऊन त्यांनी मोबाइलवर मर्यादा शोधली : १.३. रात्रभर झोप नाही. आणि सूत्रात वय वरच्या बाजूला, म्हणजे काहीही न खातापिता दर वाढदिवसाला आकडा वर सरकणार.

सकाळी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, 'पासष्टच्या पुढे मर्यादा दोन धरतात, काका. तुम्ही आत आहात.' रेल्वेने २०२० साली ज्येष्ठांची तिकिटातली सवलत काढून घेतल्यापासून साहेब सरकारवर नाराज आहेत. लिव्हरवाल्यांनी मात्र ती चालू ठेवली, हे त्यांनी कट्ट्यावर प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं.

उपचार म्हणाल तर फार नीरस आहे. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवायचं. ऐंशी किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो. हेपटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्यायचे, कारण ते पॅकेजात बहुधा नसतात. कॉफी पिणाऱ्यांचं लिव्हर बरं असतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. चहाला तो मान मिळालेला नाही, हा महाराष्ट्रावर अन्याय आहे. 'लिव्हर डिटॉक्स' नावाच्या बाटल्या बागेच्या गेटपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे मिळतात. त्या घेऊ नयेत. डिटॉक्स हा लिव्हरचाच धंदा आहे आणि तो ते बाटलीशिवाय करतं.

तुमच्याही रिपोर्टावर बाण आला असेल तर कट्ट्यावर नेऊ नका, डॉक्टरांकडे न्या. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे, प्रोटीनचे डबे आणि भाच्याने आणलेलं ते कसलंसं कॅप्सूल पिशवीत घाला. नावं सांगू नका, वस्तू दाखवा. आणि डॉक्टर 'घेता का?' विचारणारच आहेत, तेव्हा 'कधीमधी' म्हणजे आठवड्यातून किती, हे शक्यतो बायको शेजारच्या खुर्चीत बसायच्या आधी सांगून टाका.